कोरियाचे धावपटू सोन की-चुंग

शर्यत जिंकून विजयाच्या चौथऱ्यावर उभे राहावे आणि त्या घटकेस आपल्या देशाचे गीत कानी पडावे, याहून मोठा सन्मान खेळाडूस ठाऊक नाही. परंतु ज्याचा देशच दुसऱ्याने बळकावला आहे, त्याने काय करावे? विजय त्याचा, आणि गीत मात्र बळकावणाऱ्याचे! उघड बंड करावे तर घरच्या माणसांवर संकट यावयाचे. आनंदाने मान उंच करावी तर मन खावयाचे. अशा पेचात सापडलेल्या एका मनुष्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

सोन की-चुंग यांचा जन्म १९१२ साली कोरियाच्या उत्तर सीमेवर, यालू नदीच्या काठी वसलेल्या सिनुइजू गावी झाला. त्यापूर्वी दोनच वर्षे, म्हणजे १९१० साली, जपानने कोरिया देश आपल्या राज्यास जोडून घेतला होता. यामुळे ते जन्मतःच परक्या बादशहाचे प्रजाजन ठरले. घरी गरिबी होती; परंतु पायांत विलक्षण बळ होते, आणि धावण्यास पैसा लागत नाही. पुढे सेऊल शहरातील यांगजोंग शाळेत त्यांस प्रवेश मिळाला, व तेथे त्यांच्या अंगच्या गुणास वळण लागले. नोव्हेंबर १९३५ मध्ये टोकियो येथे त्यांनी मॅरेथॉनची, म्हणजे ४२ किलोमीटरांहून थोडी अधिक अंतराची शर्यत, २ तास २६ मिनिटे ४२ सेकंदांत पुरी केली. इतक्या थोड्या वेळात हे अंतर कापल्याची नोंद तोपर्यंत जगात नव्हती.

पुढील वर्षी जर्मनीतील बर्लिन शहरी ऑलिंपिक सामने भरले. कोरियास स्वतःचा संघ पाठविण्याचा अधिकार नव्हता. धावावयाचे तर जपानचा संघ, जपानचे निशाण आणि जपानी उच्चाराचे नाव, ही तिन्ही स्वीकारणे भाग होते. म्हणून सोन की-चुंग हे तेथील दफ्तरात सोन किते झाले. त्यांचे देशबंधू नाम सुंग-योंग यांचीही तीच गत झाली. तथापि बर्लिनमध्ये कोणी सही मागितली असता सोन आपले खरे नाव कोरियन लिपीत लिहीत, आणि आपण कोरियाचे आहो असे विचारणारास सांगत.

९ ऑगस्ट १९३६ रोजी शर्यत झाली. मागील सामन्यांतील विजेते, आर्जेंटिनाचे झबाला, हे आरंभीच फार पुढे निघून गेले. त्या वेळी इंग्लंडचे हार्पर यांनी सोन यांस खुणावले की, त्यांच्या मागे लागू नये, ते आपोआप थकतील. प्रतिस्पर्ध्याने दिलेला हा सल्ला खरा ठरला. झबाला यांस शर्यत सोडावी लागली, आणि सोन २ तास २९ मिनिटे १९ सेकंदांत पहिले आले. हार्पर दुसरे व नाम तिसरे आले.

नंतर बक्षीस-समारंभ झाला. जपानचे निशाण वर चढू लागले व जपानचे राष्ट्रगीत सुरू झाले. हजारो लोक उभे होते. दोघा कोरियनांनी मात्र निशाणाकडे पाहिले नाही. त्यांनी माना खाली घातल्या. विजेत्यास ओक झाडाचे एक लहान रोप देण्याची तेथे रीत होती. सोन यांनी ते रोप छातीशी असे धरले की, अंगावरील जपानचे सूर्यचिन्ह झाकून जावे. नाम यांस रोप मिळाले नव्हते. पुढे त्यांनी सांगितले की, आपणास सोन यांच्या सुवर्णपदकाचा हेवा वाटला नाही, हेवा वाटला तो त्या रोपाचा. कारण आपणापाशी चिन्ह झाकावयास काहीच नव्हते.

त्याच सामन्यांत आमच्या देशाचे खेळाडूही परक्या निशाणाखाली उतरले होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीविरुद्ध हॉकीच्या अंतिम सामन्यास जाण्यापूर्वी ध्यानचंद व त्यांच्या सोबत्यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत तिरंगी झेंड्यास वंदन केले, आणि मग मैदानात जाऊन ८ विरुद्ध १ अशा गोलांनी जय मिळविला. दोन्ही देशांच्या तरुणांच्या मनात सल एकच होता.

सोन यांच्या त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ कोरियातील लोकांस न सांगता कळला. २५ ऑगस्ट रोजी सेऊलच्या दोंग-आ इल्बो या वर्तमानपत्राने त्यांचे छायाचित्र छापिले. त्यात छातीवरील सूर्यचिन्ह पुसून टाकिले होते. सरकारचा कोप झाला. पत्राची माणसे धरून नेण्यात आली, त्यांचा छळ झाला, आणि पत्र सुमारे नऊ महिने बंद ठेविले गेले. ज्या दुसऱ्या एका पत्राने तसेच केले होते, ते तर पुन्हा कधीच निघाले नाही. एका मूक कृतीची किंमत किती जणांस भरावी लागते, हे यावरून दिसते. खुद्द सोन यांच्यावर पोलिसांची नजर राहिली. टोकियोच्या मेइजी विद्यापीठात त्यांनी शिक्षण पुरे केले; पण ज्या पायांनी जग जिंकले, ते पाय मोठ्या शर्यतीत पुन्हा दिसले नाहीत.

१९४५ साली जपानचा अंमल संपला. तेव्हा देशाचे दोन तुकडे झाले, आणि सोन यांचे जन्मगाव उत्तरेकडील तुकड्यात राहिले. त्यांनी कटुता धरून बसण्याऐवजी तरुणांस शिकविण्याचे काम पत्करिले. १९४७ साली त्यांचे शिष्य सु युन-बोक यांनी अमेरिकेतील बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली, व १९५० साली तेथे पहिले तिन्ही क्रमांक कोरियन धावपटूंनी पटकाविले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत कोरियाचा संघ स्वतःच्या निशाणामागे चालला. ते निशाण सोन यांच्या हाती होते.

१९८८ साली सेऊल येथेच ऑलिंपिक सामने भरले. त्या दिवशी शहात्तर वर्षांचे सोन हाती ज्योत घेऊन क्रीडांगणात शिरले, ते लहान मुलासारखे उड्या मारीत. मग ९ ऑगस्ट १९९२ रोजी, बर्लिनच्या शर्यतीस बरोबर छप्पन वर्षे झाली त्या दिवशी, बार्सिलोना येथे ह्वांग यंग-चो या कोरियन तरुणाने मॅरेथॉन जिंकली, आणि वृद्ध सोन यांनी ते डोळ्यांनी पाहिले. या खेपेस वाजलेले गीत त्यांच्या स्वतःच्या देशाचे होते. १५ नोव्हेंबर २००२ रोजी त्यांचा अंत झाला.

ऑलिंपिकच्या दफ्तरात १९३६ चे ते पदक जपानच्याच नावे लागले आहे. १९७० साली एका कोरियन लोकप्रतिनिधीने बर्लिनच्या क्रीडांगणातील शिळेवरून जपानचे नाव रात्री छिन्नीने काढून तेथे कोरिया असे कोरिले, परंतु ते पुन्हा पूर्ववत करण्यात आले. दगडावरील अक्षर ज्याच्या हाती सत्ता तो कोरतो. मात्र ओकाचे ते रोप सोन यांनी आपल्या शाळेच्या आवारात लाविले. त्याचा मोठा वृक्ष झाला, आणि त्या जागी आता त्यांच्या नावाची बाग आहे.

खेळाच्या मैदानावर राजकारण आणू नये, असे पुष्कळ लोक म्हणतात. आमचे म्हणणे इतकेच की, सोन यांनी ते आणिले नाही. ते त्यांच्या छातीवर आधीच शिवलेले होते. त्यांनी कोणाचा अपमान केला नाही, शब्द काढिला नाही, हात उगारिला नाही. जे खोटे होते ते त्यांनी एका रोपट्याने झाकिले, एवढेच. आमच्या खेड्यापाड्यांतील तरुणांस मोठी भाषणे करिता येत नाहीत, म्हणून त्यांनी खंत करू नये. असत्यास हुंकार न देता उभे राहणे, आणि त्याचे जे फळ येईल ते सोसणे, हे ज्यास साधले, त्याचे मौन साऱ्या देशास ऐकू येते.