गुराख्यांचे मत कसोटीला लावणारा संशोधक

अमेरिकेच्या दक्षिणेतील गुरे उत्तरेत आली की ती स्वतः धडधाकट राहत. पण त्यांच्या वाटेवर चरलेली उत्तरेची गुरे तापाने मरत. या ‘टेक्सास तापा’चे मूळ गोचीड आहे, असे गुराखी म्हणत, विद्वान ते हसण्यावारी नेत. १८५९ साली जन्मलेल्या थिओबाल्ड स्मिथ यांनी मात्र या मताची परीक्षा घेतली. किलबोर्न या पशुवैद्याच्या साहाय्याने त्यांनी दक्षिणेच्या गुरांवरील गोचीड वेचून ती उत्तरेच्या गुरांत सोडली. रोग उद्भवला नाही. गोचीड राहू दिले, तेथे तो उद्भवला. रक्ताच्या तांबड्या पेशींत परजीवी सापडला. तो गोचिडाच्या अंड्यांतून पुढील पिढीत उतरतो, हेही उमगले. १८९३ साली अहवाल निघाला. १९०६ पासून शासनाने गुरांना सोमलाच्या द्रावणात बुडविण्याची मोहीम चालविली. १९४३ पर्यंत रोग जवळजवळ हद्दपार झाला. स्मिथ १९३४ सालीच निवर्तले होते.

एकट्याने आपला गोठा स्वच्छ ठेवून शेजारचा गोचीड थांबत नाही; म्हणूनच असा प्रतिबंध हा सार्वजनिक खर्चाचा विषय ठरतो. गोचीड-ताप आजही सोसणाऱ्या आपल्या गोपालकांसाठी स्मिथ यांच्या चरित्राचा हाच बोध आहे.