दोन वर्षे न विकलेला नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मृगाचा पाऊस पडला की बेळगाव परिसरातल्या शिवारांत पेरणीची घाई सुरू होते. त्याच जून महिन्याच्या २० तारखेला लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची जयंती येते. किर्लोस्कर हे नाव आपल्या घराघरांत पंपांमुळे, इंजिनांमुळे आणि मासिकांमुळे पोहोचलेले आहे. पण या उद्योगाची मुळे आपल्या बेळगावात रुजली आणि ज्या लोखंडी नांगराने त्याला नाव मिळवून दिले, तो नांगर सुरुवातीला दोन वर्षे कोणी विकत घेतला नव्हता, ही हकीकत आपल्या मुलानातवंडांना फारशी ठाऊक नसते. यंदा जयंतीच्या निमित्ताने ती सांगावी, असे आम्ही ठरवले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. त्यामुळे मराठी रंगभूमी आणि मराठी उद्योग या दोन्हींना या एका लहान गावाने माणसे दिली, असे आपण अभिमानाने म्हणू शकतो. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मुलानेही तीच वाट धरावी, अशी घरची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत रमे. थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्यांची बाजू घेतली आणि १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांतच एक अडचण पुढे आली. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. मात्र यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत, रेषेतला नेमकेपणा लागतो. ती विद्या त्यांनी आत्मसात केली आणि तिच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. तिथल्या कर्मशाळेत यंत्रे खोलून पाहायला आणि दुरुस्त करायला ते हाताने शिकले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

बेळगावात रामूअण्णांच्या साथीने सायकलींचा धंदा सुरू झाला होता. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायलाही शिकवायचे. आजही किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो. पण लक्ष्मणरावांचे डोळे शहरातल्या हौशी गिऱ्हाइकांपलीकडे शिवाराकडे लागले होते. शेतकऱ्याच्या रोजच्या कामाला उपयोगी पडेल असे यंत्र इथेच तयार करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी पहिल्यांदा केले ते कडबा कापण्याचे यंत्र. त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

आणि इथेच गाडी अडली. नांगर तयार होता, पण घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

या प्रसंगाचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका वाक्यात होतो आणि दोष अडाणीपणाच्या माथी मारून लेखक पुढे जातो. आम्हाला इथे जरा थांबावेसे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांची घरे दोन-तीन पिढ्यांमागे शेतीवरच होती. आपले आजे-पणजे नव्या गोष्टीला सहज भुलणारे नव्हते, तसे बुद्धीने मंदही नव्हते. मग ते का थांबले?

त्या काळचा गावगाडा डोळ्यांसमोर आणला, तर उत्तर सापडू लागते. लाकडी नांगर हा गावच्या सुताराच्या हातचा असे. बाभळीचे लाकूड घरच्या बांधावरचे, फाळ गावच्या लोहाराकडचा. त्याचे पैसे रोख मोजावे लागत नसत. सुगीला खळ्यावर सुतार-लोहाराला बलुते घातले की वर्षभराच्या दुरुस्तीची काळजी मिटे. लोखंडी नांगर घ्यायचा तर रोख रक्कम हवी, आणि ती बहुधा सावकाराकडूनच उभी राहायची. ऐन हंगामात तो मोडला तर गावात तो कोण दुरुस्त करणार? शिवाय ज्या सुताराशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते, त्याच्या हातचे काम नाकारल्यासारखे होणार, ते वेगळेच.

नांगरटही एकट्याच्या हातातली गोष्ट नव्हती. काळ्या रानात जड नांगराला बैलांच्या तीन-चार किंवा त्याहून जास्त जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका घरी क्वचितच असत. म्हणून शेजारीपाजारी पैरा करीत. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. ज्याच्या बैलांवर आपली नांगरट अवलंबून, त्याला नवा नांगर पसंत नसेल तर एकट्याने घेऊन काय करायचे? त्यातून पीक बसलेच, तर नुकसान होणार एका वर्षाच्या धान्याचे आणि हसे होणार साऱ्या गावात. विष उतरण्याच्या समजुतीमागे ही सगळी धास्ती दडलेली होती, असे आम्हाला वाटते. जमीन आई आहे, तिच्यावर प्रयोग करू नये, ही भावनाही त्यात होतीच.

आता कडब्याच्या यंत्राकडे पाहा. ते जमिनीला शिवत नव्हते. कडबा बारीक कापून घातला की जनावर तो सगळा खाते, दांड्या टाकून देत नाही. वैरण वाचली की नाही, हे त्याच संध्याकाळी गोठ्यात दिसायचे. नांगराचा गुण कळायला मात्र पुरा हंगाम जावा लागे. लोखंडी नांगर माती नुसती फाडत नाही, ती उलथून टाकतो. त्यामुळे हरळीसारख्या तणांच्या खोल गेलेल्या मुळ्या वर येतात आणि उन्हाने सुकतात. पण हे तोंडाने सांगून पटणारे नव्हते. कोणाच्या तरी रानात ते घडलेले दिसायला हवे होते.

लक्ष्मणरावांचे मोठेपण आम्हाला इथे दिसते. दोन वर्षे माल पडून राहिला, तरी त्यांनी शेतकऱ्याला नावे ठेवली नाहीत आणि नांगर करणेही सोडले नाही. नांगर सुधारायचा, रानात चालवून दाखवायचा आणि पुन्हा सुधारायचा, हा क्रम त्यांनी चालू ठेवला. एकदा का एखाद्या धीराच्या शेतकऱ्याने नांगर घेतला, की बांधापलीकडचा शेतकरी तो रोज पाहू लागे. जमीन नासली नाही, तण कमी झाले, पीक उभे राहिले, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. कारखानदाराच्या शब्दापेक्षा शेजाऱ्याच्या रानावर माणसाचा विश्वास अधिक बसतो. आठवडी बाजारात, जत्रेत, सोयऱ्यांच्या घरी मग तीच चर्चा होते. जो गाव एकाला मागे खेचत होता, तोच गाव पटल्यावर दहा जणांना पुढे ढकलतो. नांगर खपू लागला तो असा.

धंदा जरा मार्गी लागतो आहे तोच दुसरे संकट आले. बेळगावात ठळकवाडीची नवी वसाहत आखली जात होती. तीच आजची टिळकवाडी. त्या आखणीत किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा जाणार होती आणि नगरपालिकेने त्यांना ती सोडायला सांगितले. टिळकवाडीत राहणाऱ्या आपल्या अनेक सभासदांना हे वाचून चुकल्यासारखे वाटेल. पण त्या अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जागा देऊ केली. जागा म्हणजे निव्वळ माळ होता. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा.

१९१० मध्ये सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले. कारखान्याबरोबर गावही वसवायचे, असा त्यांचा निश्चय होता. परदेशात कॅडबरी आणि लिव्हर यांनी कामगारांसाठी वसवलेल्या गावांची माहिती त्यांनी वाचली होती. किर्लोस्करवाडी अशी उभी राहिली. तिथे शिवाशिव मानली जात नसे. गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी चक्क राखणीचे काम सोपवले आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. शेतकऱ्याचा विश्वास मिळायला किती वेळ लागतो, हे स्वतः अनुभवलेल्या माणसाने इतरांवर विश्वास टाकण्यात मात्र हात आखडता घेतला नाही.

नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप वाडीत तयार होऊ लागले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा देऊ केल्या. लढाईसाठी ओतलेल्या धातूचे नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून किर्लोस्कर खबर सुरू केली आणि पुढे तिचेच किर्लोस्कर मासिक झाले. नवा विचार घरोघर न्यायचा तर लोकांशी सतत बोलत राहिले पाहिजे, हा धडा नांगराच्या त्या दोन वर्षांनी या घराला दिला असेल, असे म्हणायला जागा आहे. पुत्र शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून आले आणि त्यांनी उद्योगाचा व्याप आणखी वाढवला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या वर्षी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोडचे ते स्थानक आज किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाते. मिरजेहून पुण्याला जाताना आपल्यातले कितीतरी जण त्यावरून जात असतील.

आजही आपल्या भागातल्या शेतकऱ्यांपुढे ठिबक सिंचन, माती परीक्षण, नवे वाण अशा गोष्टी येतात. कोणी लगेच घेतो, कोणी थांबतो. थांबणाऱ्याला मागासलेला म्हणणे सोपे असते. त्याच्यावर कर्ज किती आहे, शेजारी काय म्हणतात, बिघाड झाला तर दुरुस्ती कुठे होणार, पीक गेले तर घर कशावर चालणार, हे विचारायला वेळ द्यावा लागतो. लक्ष्मणरावांनी तो वेळ दिला. आपल्या सभासदांपैकी ज्यांची शेती अजून गावी आहे, त्यांनी नवे काही करून पाहिले आणि ते साधले, तर ते बांधावरच्या शेजाऱ्याला आवर्जून दाखवावे. नाही साधले, तरी तेही सांगावे. त्यानेही त्याचे एखादे वर्ष वाचेल.

येत्या सुट्टीत मुलांना घेऊन टिळकवाडीत फेरी मारताना, इथे कधीकाळी लोखंडी नांगर तयार होत होते, हे त्यांना जरूर सांगा. आणि कोणाच्या गावच्या घरी माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात जुना किर्लोस्कर नांगर अजून पडलेला असेल, तर तो भंगारात घालण्याआधी त्याच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. तो घरात पहिल्यांदा कोणी आणला आणि तेव्हा गाव काय म्हणाले, हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.