पाहण्याची साधना

जर्मन भाषेतील थोर कवी रायनर मारिया रिल्के याचा जन्म ४ डिसेंबर १८७५ रोजी प्राग शहरात झाला. लहानपणापासूनच त्याला कवितेची ओढ होती. परंतु स्फूर्ती आली तरच लेखणी चाले; एरवी दिवसच्या दिवस कागद कोरा राही. या गोष्टीचे त्याला फार दुःख होई.

इ. स. १९०२ मध्ये तो पॅरिसला गेला. ओग्यूस्त रोदँ या विख्यात शिल्पकारावर त्याला पुस्तक लिहावयाचे होते. रोदँची शिल्पशाळा पाहून रिल्के थक्क झाला. साठी उलटलेला हा कलावंत स्फूर्तीची वाट पाहत बसत नसे. समोरची आकृती तो बारकाईने न्याहाळी आणि रोज नेमाने कामाला लागे.

प्राणिसंग्रहालयात जाऊन एखादा प्राणी खरोखर दिसू लागेपर्यंत पाहत राहावे, असा सल्ला रोदँने रिल्केला दिला, असे सांगतात. पॅरिसच्या एका मोठ्या उद्यानात असे संग्रहालय होते. तेथे पिंजऱ्याच्या गजांमागे येरझारा घालणारा बिबट्या रिल्केने पाहिला. त्यातून अवघ्या बारा ओळींची एक कविता जन्मली. ती आजही जगभर वाचली जाते. मग विषयांना तोटा राहिला नाही. बागेतील लाकडी घोड्यांचे चक्र, हंस, काळे मांजर, यांवरही त्याने कविता रचल्या. ‘नव्या कविता’ या नावाने त्यांचे दोन भाग १९०७ व १९०८ साली निघाले. दुसरा भाग त्याने रोदँला अर्पण केला.

तथापि पुढे त्याची याहून कठीण परीक्षा झाली. १९१२ मध्ये समुद्रकाठच्या दुईनो गावी सुरू केलेली दीर्घ शोकगीते अर्धवट राहिली. १९१४ साली महायुद्ध पेटले. त्यालाही काही काळ सैन्यात जावे लागले. वर्षांमागून वर्षे गेली, पण शोकगीते पूर्ण होईनात. तरीही रिल्केने लेखणी टाकली नाही. तो पत्रे लिही, फ्रेंच कवितांची भाषांतरे करी. अखेर फेब्रुवारी १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमधील म्यूझो येथील जुन्या गढीत, अडलेला प्रवाह मोकळा झाला. त्या एका महिन्यात दहा शोकगीतांची माला पुरी झाली आणि शिवाय ५५ सुनीते लिहून झाली.

२९ डिसेंबर १९२६ रोजी रिल्केचे निधन झाले. विषय सुचेनासा झाला, तर जवळची एखादी वस्तू मन लावून पाहावी. तरीही शब्द आले नाहीत, तर काम न सोडता धीर धरावा, हाच बोध त्याच्या चरित्रापासून मिळतो.