शेवटची तीन अक्षरं

संगीतकार योहान सेबास्टियन बाखचा जन्म १६८५ मध्ये जर्मनीत झाला. दहा वर्षांचा होईपर्यंत त्याचे आई-वडील दोघंही गेले. पुढे पहिली बायको अचानक वारली. एकूण वीस मुलं झाली, पण त्यातली दहाच मोठी झाली. १७२३ पासून लाइपझिगला चर्चची नोकरी! पोरांना शिकवायचं, वरिष्ठांशी वाद घालायचे आणि पहिली काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवीन रचना द्यायची. म्हणजे दर आठवड्याला सबमिशनच! तरीही कितीतरी चर्च-रचनांच्या शेवटी तो तीन अक्षरं लिहायचा : एस. डी. जी., म्हणजे गौरव फक्त देवाचा. १७५० मध्ये तो गेला. देवाचे आभार मानायला त्याने चांगल्या दिवसांची वाट पाहिली नाही. रोजचं काम मन लावून करायचं, हीच त्याची प्रार्थना होती असं मला वाटतं.