जेम्स पार्किन्सन

लंडनच्या सीमेवर हॉक्स्टन नावाची वस्ती होती. तेथे ११ एप्रिल १७५५ रोजी जेम्स पार्किन्सन याचा जन्म झाला. त्याचे वडील वैद्यकी करीत. जेम्सनेही तोच व्यवसाय पत्करला. या माणसाला नाद अनेक होते. पाषाणांत दडलेले प्राचीन जीवांचे अवशेष तो जमवी. त्यांवर त्याने तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. गरिबांच्या हक्कांसाठी त्याने पत्रके काढली आणि १७९४ मध्ये त्याला सरकारदरबारी जबाबही द्यावा लागला. परंतु त्याची कीर्ती राहिली ती एका लहानशा पुस्तकामुळे.

रस्त्याने जाताना हातपाय कापणारी, कमरेत वाकलेली वृद्ध माणसे त्याला दिसत. अशी माणसे लंडनमध्ये नवी नव्हती. आपल्या आयुर्वेदातही अंगकंपाचे वर्णन आहे. पण लोक म्हातारपणाला दोष देत व पुढे जात. पार्किन्सन मात्र थांबे. असाच एक पासष्ट वर्षांचा वृद्ध खलाशी त्याला रस्त्यात भेटला. देहाने तो धिप्पाड होता. परंतु त्याचे मस्तक व सर्व अंग सारखे हलत होते. तोल पुढे जात असल्यामुळे त्याला सावकाश चालताच येत नसे. तो धावत सुटे आणि दर पाचसहा पावलांनी काठी टेकून स्वतःला सावरी. स्पेनच्या तुरुंगात कित्येक महिने ओल्या जमिनीवर निजावे लागल्याने आपली ही दशा झाली, असे त्या बिचाऱ्याला वाटे. पार्किन्सनने त्याची हकीकत नीट टिपून घेतली.

आणखी एका गृहस्थांना त्याने केवळ दुरून पाहिले. त्यांचा सेवक समोर उभा राहून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. गृहस्थ हळूहळू मागेपुढे झुलत आणि तोल साधला की स्वतःच इशारा देत. त्यासरशी ते धावू लागत. सेवक चटकन बाजूला होऊन पुढे पळे आणि वीसेक पावलांवर, ते पडण्यापूर्वी, त्यांना झेलून धरी. त्या सेवकाने वैद्यकाचे पुस्तक कधी उघडले नसेल; पण धन्याला केव्हा धरावे आणि केव्हा सोडावे, हे तो पुरते जाणत होता.

अशा अवघ्या सहा रोग्यांच्या आधारे पार्किन्सनने १८१७ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. या निरनिराळ्या माणसांची व्याधी एकच आहे, हे त्याने त्यात दाखविले. विकाराचे मूळ मानेतील मज्जारज्जूत असावे, हा त्याचा तर्क मात्र चुकला. मेंदूच्या मध्यभागातील काही पेशी क्षीण होतात व डोपामीन नावाचे द्रव्य कमी पडते, हे विसाव्या शतकात उमगले. १९६० नंतर त्यावर औषधे निघाली. त्यांनी त्रास कमी होतो; रोग समूळ जात नाही. या रोगात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. त्यामुळे आजोबांना हसू आले तरी ते मुखावर उमटत नाही, आणि ते रागावले आहेत असे घरच्यांना वाटते. सदऱ्याच्या गुंड्या लावायला त्यांना वेळ लागतो, तोही आळसामुळे नव्हे.

२१ डिसेंबर १८२४ रोजी पार्किन्सन मरण पावला. पुढे शार्को या फ्रेंच वैद्याने तो निबंध वाचला. या रोगात सर्वांचेच अंग कापत नाही, असे त्याच्या ध्यानात आले होते. म्हणून कंपावरून पडलेले जुने नाव सोडून या व्याधीला पार्किन्सनचे नाव द्यावे, असे त्याने सुचविले. तोवर पार्किन्सनला जाऊन चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती.