थकव्यावर मात करणारी सेवा

सेवेचा आरंभ बहुधा उत्साहात होतो. तिची कसोटी लागते ती उत्साह ओसरल्यावर. सत्कर्म करताना खचून जाऊ नये, असा उपदेश ख्रिस्ती धर्मग्रंथात आहे. पंडिता रमाबाईंनी तो केडगावच्या माळरानावर पंचवीस वर्षे आचरणात आणला.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंच्या वाट्याला दुःख फार लवकर आले. दुष्काळातील उपासमारीत आईवडील गेले, थोरली बहीण गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या, परंतु ऐकू कमी येऊ लागल्याने तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुलींना परत नेले. दुसरीकडे, इंग्लंडमधील धर्मभगिनींनाही त्यांची स्वतंत्र बुद्धी खटकत असे. आपल्या समाजाने दूर लोटावे आणि नव्या धर्मबांधवांनीही पूर्ण समजून घेऊ नये, हा एकाकीपणा कोणालाही थकवणारा होता.

तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. त्या भुकेची त्यांना जुनी ओळख होती. पुण्याजवळच्या केडगाव येथे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

एवढ्या जणींचा भार एकट्या व्यक्तीच्या उमेदीवर चालणे शक्यच नव्हते, हे रमाबाईंनी ओळखले होते. म्हणून त्यांनी काम वाटून दिले. आश्रयाला आलेल्या स्त्रियाच शेती करू लागल्या, मागावर बसू लागल्या, छापखान्यात अक्षरे जुळवू लागल्या. अंध स्त्रियांनाही वाचन आणि हातकाम शिकविले जाई. जिला सांभाळायचे, तीच पुढे दुसरीला सांभाळू लागे. ख्रिस्ताच्या सेवेत आपण एकटेच खांब आहोत, असा अहंकार त्यांनी बाळगला नाही. त्यामुळे त्या थकल्या तरी काम थकले नाही.

उत्तरायुष्यात बहिरेपण वाढले. तेव्हा त्यांनी कानांवाचून अडणार नाही असे काम निवडले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद करण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. अखेरची पंधराहून अधिक वर्षे हे काम चालू होते आणि त्याचे मुद्रणही केडगावच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून होत होते.

जुलै १९२१ मध्ये शेवटचा आघात झाला. संस्थेची सूत्रे जिच्या हाती जायची, ती एकुलती एक कन्या मनोरमा चाळिशीतच निवर्तली. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. शोक होता, प्रकृती ढासळली होती. तरी अनुवादाचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा ते पूर्ण होत आले होते.

आपल्या घरी आजारी माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्याला, शाळेत वा रुग्णालयात मन लावून राबणाऱ्याला थकवा येतोच. त्यात कमीपणा नाही. भार वाटून घ्यावा, उरलेल्या शक्तीला झेपेल ते काम निवडावे आणि बाकीचे ईश्वरावर सोपवावे. रमाबाईंचे आयुष्य पाहता टिकून राहण्याचा मार्ग हाच दिसतो.