संत सेवेरिनस बोएथिअस

उद्यां काय घडणार हें परमेश्वरास आजच ठाऊक असेल, तर मनुष्याच्या प्रयत्नास व प्रार्थनेस अर्थ तो कोणता? ही शंका कोणाच्या मनांत आली नसेल? ज्या सत्पुरुषानें ती प्रथम पंडित म्हणून व पुढें बंदिवान म्हणून सोडविली, त्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

बोएथिअस ह्यांचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास रोममधील थोर कुळांत झाला. बाळपणींच पितृछत्र हरपल्यामुळें सिम्माकस ह्या सज्जनानें त्यांचें संगोपन केलें व पुढें आपली कन्या रस्टिसिआना त्यांस दिली. ५१० सालीं ते कॉन्सल झाले. ५२२ सालीं त्यांच्या दोन्ही पुत्रांस एकदमच तें पद लाभलें व ते स्वतः थिओडोरिक राजाच्या दरबारीं उच्च अधिकारावर चढले.

राजकारणाच्या धामधुमींतहि त्यांनीं ॲरिस्टॉटलचे तर्कग्रंथ लॅटिन भाषेंत आणिले. उद्यां आरमारी लढाई होईल, हें विधान आजच खरें असेल तर लढाई टळणार कशी, व खोटें असेल तर होणार कशी, हें त्यांतील कोडें. बोएथिअस ह्यांनीं भाष्यांत लिहिलें कीं, लढाई होईल किंवा होणार नाहीं, एवढें खरेंच. मात्र दोहोंपैकीं कोणतें, हें आज निश्चित नसतें.

पुढें आल्बिनस ह्या सेनेटरवर राजद्रोहाचा आरोप आला. त्याची बाजू घेतल्यामुळें बोएथिअस स्वतःच आरोपी ठरले व देहान्ताच्या शिक्षेस पात्र झाले. तुरुंगांत त्यांनीं ‘तत्त्वज्ञानाचें सांत्वन’ हा ग्रंथ रचिला. तेथें जुनें उत्तर पुरेना; कारण मनुष्यास जें अनिश्चित, तें देवासहि अनिश्चित कसें म्हणावें? त्यांनीं उत्तर दिलें तें असें: देवास काल नाहीं व उद्यां नाहीं, सर्व काळ त्याच्यापुढें वर्तमानच आहे. वाटेनें चालणारा मनुष्य आम्हांस दिसतो. परंतु आमच्या पाहण्यानें त्याचे पाय चालत नाहींत. तसेंच देवाचें ज्ञान ही आमच्या पायांतील बेडी नव्हे, व प्रार्थना व्यर्थ नव्हे.

५२४ च्या सुमारास त्यांचा वध झाला. तेराव्या शतकांत संत थॉमस अक्विनास ह्यांनीं हाच विचार पुढें चालविला. उत्तर इटलींतील पाविया शहरीं, ज्या मंदिरांत संत ऑगस्टीन ह्यांचे अवशेष आहेत, तेथेंच बोएथिअस ह्यांचेहि आहेत. तेथें चालत आलेल्या त्यांच्या भक्तीस १८८३ सालीं, पोप तेरावे लिओ ह्यांच्या कारकीर्दींत, ख्रिस्तसभेनें मान्यता दिली.

ज्यांस स्वतःचा उद्यांचा दिवस लाभेल कीं नाहीं हें ठाऊक नव्हतें, त्यांनीं इतरांस उद्यांची आशा दिली. आम्हींहि आपलें कर्तव्य करावें व प्रार्थना सोडूं नये, हाच ह्या चरित्राचा बोध होय.